यंत्रमानव-चिंता व तिचे मापन

यंत्रमानवाशी संपर्क येताना किंवा तो येणार या कल्पनेने मनात उद्‌भवणारी अस्वस्थता. ‘रोबॉट’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकामुळे रूढ झाला. यंत्राविषयीची भीती मात्र त्याहून जुनी आहे. सोलापूर येथे १८७७ मध्ये कापडगिरणी सुरू झाली. तेलंगणातून येऊन तेथे स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांच्या हातमागांना प्रथम गिरणीच्या व पुढे यंत्रमागाच्या कापडाशी स्पर्धा करावी लागली. स्वातंत्र्योत्तर काळात हातमागांची जागा बहुतांशी यंत्रमागांनी घेतली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४७ मध्ये येथील विणकर समाजांची सामाजिक-आर्थिक पाहणी प्रसिद्ध केली. अशा पाहण्यांतून विणकरांची परिस्थिती कळते. मनातील भीती मोजण्यासाठी वेगळे साधन लागते.

असे साधन यंत्रमानवाच्या संदर्भात जपानमध्ये तयार झाले. तात्सुया नोमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेल्या चिंता-मापनश्रेणीत ११ विधाने असून त्यांचे तीन गट आहेत : यंत्रमानवाची संभाषणक्षमता, त्याचे वर्तन व त्याच्याशी करावयाचे संभाषण. प्रत्येक विधानाबाबत वाटणाऱ्या चिंतेची तीव्रता उत्तरदाता नोंदवितो. अंकांच्या बेरजेवरून चिंतेची पातळी ठरते.

ही श्रेणी प्रत्यक्ष संपर्कातील अस्वस्थता मोजते. सोलापूरच्या विणकरापुढील प्रश्न उपजीविकेचा होता. तो या विधानांत येत नाही. त्यामुळे श्रेणीवरील अल्प गुणांवरून कामगाराला यंत्राची भीती नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यासाठी रोजगारविषयक पाहणीची जोड आवश्यक ठरते.