लाइट नॉव्हेल, जपानी

जपानमध्ये मुख्यत्वे किशोर व तरुण वाचकांसाठी प्रसिद्ध होणारा सचित्र, लोकप्रिय कादंबरीप्रकार. जपानीत त्यास ‘राइतो नोबेरु’ वा संक्षेपाने ‘रानोबे’ असे म्हणतात. मूळ शब्द इंग्रजी असले, तरी ही संज्ञा जपानमध्येच घडली. १९९० च्या सुमारास एका संगणकीय संदेशसेवेवरील विज्ञानकथा व अद्‌भुतकथा यांच्या वाचकांनी ती प्रचारात आणली. अद्‌भुतरम्य, वैज्ञानिक, शालेय जीवनविषयक, विनोदी, भयप्रद अशा सर्व तऱ्हेच्या कथा या प्रकारात आढळत असल्याने आशयावरून त्याची व्याख्या करता येत नाही. त्याची ओळख मुख्यतः प्रकाशनपद्धतीवरून ठरते.

या कादंबऱ्या बहुधा ‘बुन्को’ म्हणजे सु. १०·५ × १४·८ सेंमी. आकाराच्या, कागदी बांधणीच्या स्वस्त पुस्तकांच्या रूपाने विशिष्ट ग्रंथमालांतून निघतात. मुखपृष्ठ व आरंभीची काही पृष्ठे रंगीत, तर आतील चित्रे कृष्णधवल असतात. ती मांगा (जपानी चित्रकथा) शैलीत काढलेली असतात. परिच्छेद आखूड, संवाद विपुल व भाषा बोलीच्या वळणाची असते.

या प्रकाराची पूर्वपीठिका असाही सोनोरामा या संस्थेच्या सोनोरामा बुन्को (१९७५) व शुएइशाच्या कोबाल्ट बुन्को (१९७६) या ग्रंथमालांत सापडते. ताकाचिहो हारुका यांची क्रशर जो (१९७७) व किकुची हिदेयुकी यांची व्हँपायर हंटर डी (१९८३) या सोनोरामा मालेतील कादंबऱ्यांना अनुक्रमे यासुहिको योशिकाझू व आमानो योशिताका यांची चित्रे लाभली. पुढे फुजिमी फँटॅसिया बुन्को (१९८८) व कादोकावा स्नीकर बुन्को (१९८९) या मालांनी या प्रकारास निश्चित रूप दिले. मिझुनो र्‍यो यांची रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर (१९८८) ही कादंबरी तर एका भूमिकाप्रधान खेळाच्या मासिकात छापलेल्या वृत्तांतातून निर्माण झाली. मीडियावर्क्स या संस्थेने १९९३ मध्ये देंगेकी बुन्को ही माला सुरू केली. तिच्या वार्षिक स्पर्धेतून कादोनो कोहेइ यांची बूगीपॉप (१९९८) पुढे आली व नव्या लेखकांना मार्ग खुला झाला.

कादंबरी, मांगा, ॲनिमे (सचेतन चित्रपट वा मालिका) व खेळ यांतून एकच कथा एकाच वेळी पसरविण्याचे धोरण कादोकावा संस्थेने विशेष अवलंबिले. कान्झाका हाजिमे यांच्या स्लेयर्सवर १९९५ मध्ये, तर तानिगावा नागारु यांच्या सुझुमिया हारुही मालेवर (२००३ पासून) २००६ मध्ये ॲनिमे निघाले. साकुराझाका हिरोशी यांच्या ऑल यू नीड इज किल (२००४) या कादंबरीवरून एज ऑफ टुमॉरो (२०१४) हा अमेरिकन चित्रपट तयार झाला.

महाजालामुळे निवडीचा क्रम पालटला. कावाहारा रेकी यांची सोर्ड आर्ट ऑनलाइन ही कथा स्पर्धेच्या पृष्ठमर्यादेत न बसल्याने लेखकाने ती स्वतःच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केली. ग्रंथरूपाने ती २००९ मध्ये निघाली व २०१२ मध्ये तिचे ॲनिमे झाले. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘शोसेत्सुका नि नारो’ या संकेतस्थळावरील मुशोकु तेन्सेइसारख्या कथाही प्रथम वाचकांनी उचलून धरल्या व नंतर प्रकाशकांनी स्वीकारल्या. याउलट प्रकाशनसत्ता मात्र केंद्रित होत गेली. २०१३ मध्ये फुजिमी शोबो, मीडियावर्क्सची उत्तराधिकारी संस्था व इतर काही प्रकाशनसंस्था कादोकावामध्ये विलीन झाल्या.

या प्रकारावर साचेबंदपणाचा आक्षेप घेतला जातो. कादंबरी ही ॲनिमेची केवळ जाहिरात ठरते, असेही म्हटले जाते. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. परंतु ओनो फुयुमी यांची जुनी कोक्की (बारा राज्ये) ही कादंबरीमाला १९९२ पासून किशोरींच्या ग्रंथमालेत निघाली आणि २०१२ पासून शिंचोशा या साहित्यिक परंपरेच्या संस्थेने सर्वसाधारण वाचकांसाठी ती पुन्हा छापली. गोसिक (२००३) लिहिणाऱ्या साकुराबा काझुकी यांना पुढे नाओकी पारितोषिक मिळाले. ‘हलके’ व ‘गंभीर’ साहित्य यांतील सीमा पुष्कळदा लेखनापेक्षा ग्रंथमालेच्या नावावर अवलंबून असते, हे यावरून दिसून येते.