धोंडोपंत आणि धोंड्या

इतिहास कुणाचा लिहिला जातो हे नव्यानं सांगायची गरज न्हाई. ज्याच्या हातात बोरू, त्याची बखर. आमच्या बापजाद्यांच्या हातात बोरू नव्हता, घुंगरू लावलेली तराळकीची काठी होती. गावची शीव दाखवायची, सारा डोक्यावर घेऊन कचेरीपर्यंत चालत जायचं, मेलेलं ढोर ओढायचं, मयताचा सांगावा घेऊन रानोमाळ पळायचं. हे सगळं ज्यांनी केलं त्यांची चरित्रं कोण लिहिणार होतं? पण एक गोष्ट गावगाड्याला त्यांच्याकडनं पुरती काढून घेता आली न्हाई. ती म्हंजे त्यांची नावं. माझं म्हणणं असं, की आमचा इतिहास आधी ह्या नावांत शोधावा. नावं मोडकी आहेत, चिरडलेली आहेत, पण आहेत.

मी विश्रामबागला राहतो. सूतगिरणीत रिंग फ्रेमला आहे. शिक्षण दहावीपर्यंत, पुढचं काय ते वाचनालयात. नावांच्या मागं लागलो ते हौसेनं न्हाई. धाकट्या बहिणीची जात पडताळणी करायची होती. २००० सालच्या कायद्याप्रमाणं नुसतं प्रमाणपत्र चालत न्हाई, त्याची पडताळणी लागते, आणि अनुसूचित जातीच्या माणसाकडं १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. म्हंजे काय, तर ज्या शब्दानं पिढ्यान्‌पिढ्या हिणवलं, तोच शब्द जुन्या सरकारी शाईत शोधून आणायचा आणि सायबापुढं ठेवायचा.

शोधायचा कुठं? आमचा मुलूख म्हंजे कागदांची खिचडी. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली 'दक्षिण सातारा' म्हणून झाला. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्याच्या आधी सांगली, मिरज ही पटवर्धनांची संस्थानं, जत डफळ्यांचं, आणि मधनंमधनं इंग्रजांचा सातारा जिल्हा. एका गावचं दप्तर इथं, शेजारच्या गावचं तिथं. ह्याच विश्रामबागेत १९१९ साली विलिंग्डन कॉलेज निघालं आणि पोरं बी.ए. करू लागली. त्याच काळात आसपासच्या गावांत आमची माणसं चावडीच्या पायरीखाली उभी राहून जोहार घालत होती. त्यांचे कागद आम्ही धुंडाळत होतो.

पहिला सापडला तो गाव नमुना नंबर १४, जन्ममृत्यूची नोंद. ही नोंद एकदा नीट बघा. बऱ्याच ओळींत बाळाचं नावच नसतं. बारसं व्हायच्या आधी वर्दी दिलेली असते, मग कुठलं नाव? बापाचं नाव असतं, मुलगा की मुलगी ते असतं, आणि जात असते, लख्ख. माणसाला नाव मिळायच्या आधी जात मिळते ह्याचा ह्याहून पक्का दाखला कुठं मिळणार? आमच्या आज्याची नोंद अशीच आहे. 'मुलगा. महार.'

दुसरा कागद मोडीतला, वतनाचा. मोडी वाचणाऱ्यानं पानामागं पैसे घेतले आणि वाचून दाखवलं. जुन्या कागदांत 'अमुक बिन तमुक' असं लिहितात. बिन म्हंजे लेक. त्यात आज्याच्या आज्याचं नाव निघालं. ते 'नाक' ह्या अक्षरांनी संपत होतं. घरात कुणी ते ऐकलेलं नव्हतं. आजी म्हणाली, "हे कसलं रं नाव? नाकातोंडाचं?" सगळे हसले. ते नाव मी इथं छापत न्हाई, कारण तसलं नाव एकट्या आमच्या घरातलं नव्हतं. आख्ख्या महारवाड्याची नावं तशीच होती.

ब्राह्मणाच्या नावामागं पंत आणि भट, मराठ्याच्या मागं राव आणि जी, सोनाराच्या मागं शेट. तसं महाराच्या मागं नाक. कुणी म्हणतं हे नायकाचं रूप, कुणी ते नागाशी जोडतं. पंडितांनी भांडत बसावं. दोन्हींतला कुठलाही अर्थ घ्या, ती शिवी न्हाई. तो मान आहे.

पुरावा हवा असंल तर भीमा कोरेगावला जा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं त्या खांबावर कोरली आहेत. त्यातली बावीस नावं ह्या नाकाची. रायनाक, रामनाक, रूपनाक, राजनाक, देवनाक. बापाची नावंही तशीच. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या खांबापुढं उभे राहिले ते ह्या नावांसाठी. खांब इंग्रजांनी आपल्या विजयासाठी बांधला, आमच्या कौतुकासाठी न्हाई, हे मला कळतं. पण पलटणीच्या कारकुनाला पगार वाटायचा होता म्हणून त्यानं शिपायाचं पुरतं नाव लिहिलं, बापासकट. म्हणून ते दगडावर पुरतं चढलं.

आणि लांब कशाला जायचं. आमच्या मिरज तालुक्यात कळंबी आहे. तिथला शिदनाक महार हा इनामदार. ह्याचा आजाही शिदनाकच. आज्याचं नाव नातवाला द्यायची रीत फक्त वाड्यांत नव्हती, महारवाड्यातही होती. १७९५ सालच्या खर्ड्याच्या लढाईत हा नातू शिदनाक पेशव्यांच्या फौजेत होता. सांगतात ते असं, की आपल्या तंबूंच्या जवळ महाराचा तंबू आहे म्हणून काही सरदारांनी कागाळी केली. तेव्हा हिरोजी पाटणकर म्हणाला की ही काय जेवणाची पंगत न्हाई, इथं तलवार बघायची. पुढं ह्याच शिदनाकानं लढाईत परशुरामभाऊ पटवर्धनाचा जीव वाचवला असंही सांगतात. पटवर्धन घराण्याचं नाव आमच्या भागात शाळेपासून रस्त्यापर्यंत ऐकू येतं. कळंबीच्या शिदनाकाचं किती जणांना ठाऊक आहे?

गोपाळबाबा वलंगकर आपल्याला ठाऊक आहेत. महाडजवळच्या रावढळचे, पलटणीतनं पेन्शन घेतलेले, १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' काढणारे. त्यांचं पुरतं नाव गोपाळनाक विठ्ठलनाक. म्हंजे लिहायला शिकलेल्या, बंड करणाऱ्या आमच्या पहिल्या पिढीपर्यंत हे नाक ताठ होतं. मग गेलं कुठं? मला वाटतं, त्याच शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांना पलटणीत घ्यायचं बंद केलं, तिथं ह्याला एक मोठा धक्का बसला. पुरतं नाव लिहिणारं मस्टर गेलं. उरली चावडी. आणि चावडीला पुरतं नाव लागत नव्हतं. चावडीला हाक मारायला अर्धं पुरत होतं. शिदनाकाचा शिद्या. रामनाकाचा राम्या. पाटलाच्या सात वर्षांच्या पोरानं सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला हाक मारायची, "ए शिद्या!" आणि म्हाताऱ्यानं "जी" म्हणून पळत जायचं.

आता दुसऱ्या जातीची नावं घेऊ. जातीची म्हंजे प्रकारची. धोंडू, दगडू, केरू, कचरू, उकिरडा, भिका. ही नावं आमच्या प्रत्येकाच्या वंशावळीत आहेत. आजकालची पोरं ती वाचून मान खाली घालतात. वाटतं, गावानं मुद्दाम दिली असतील. तसं न्हाई. पोरं जगत नव्हती. पहिली दोन-तीन गेली की आई पुढच्याला दगड म्हणायची, कचरा म्हणायची, म्हंजे मरणाला वाटावं की हे नेण्यासारखं न्हाई. पिराला नवस बोलून झाला तो पिराजी, फकिराच्या झोळीत घालून परत मागून घेतला तो फकिरा. मिरजेच्या मीरासाहेबाच्या उरसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. नवस बोलताना आमच्या आयाबायांनी देव कुठल्या धर्माचा ते विचारलं न्हाई. सीमेवरच्या गावांत यल्लाप्पा आणि यल्लवा आहेत. जिकडनं लेकरू जगंल तिकडं हात पसरला. ह्या नावांत लाज कसली? ह्या नावांत आईची धडपड आहे.

आणि ही नावं फक्त आमच्यात होती असंही न्हाई. बायकांच्या शिक्षणाचं काम करणारे महर्षी कर्वे, त्यांचं नाव धोंडो. सत्तावन्नच्या बंडातले नानासाहेब पेशवे, ते धोंडोपंत. दगड तोच. ब्राह्मणाच्या घरी तो धोंडोपंत झाला, कुणब्याच्या घरी धोंडीबा, महाराच्या घरी धोंड्या. म्हंजे फरक नावात न्हाई, नावाच्या शेपटीत आहे. जातीव्यवस्था नावाच्या शेवटच्या एका अक्षरात मावते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाव ठेवायचा नियमच आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं तिरस्कार वाटेल असं. आम्ही तर त्या चौघांच्याही बाहेर. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं, त्यात हाही नियम जळाला पाहिजे होता. पण नियम पुस्तकात कमी आणि जिभेवर जास्त होता.

तरी आमच्यातल्या माणसांनी हा नियम कधीच मोडला होता. आमच्या शेजारचं मंगळवेढं. चौदाव्या शतकातला चोखामेळा तिथला. गावकुसाचं काम करताना भिंत पडून १३३८ साली तिथंच मेला. त्याच्या घरातली नावं एकदा ओळीनं वाचा. चोखा म्हंजे अस्सल, शुद्ध. बहीण निर्मळा, म्हंजे मळ नसलेली. बायको सोयरा, म्हंजे आपलं माणूस. ज्यांना सगळा गाव विटाळ म्हणत होता, त्यांच्या घरात भावाचं नाव चोखा आणि बहिणीचं निर्मळा! ही नावं त्यांना कशी पडली ते असू द्या. ती त्यांनी वागवली आणि सहाशे-सातशे वर्षं टिकवली. गावाच्या तोंडावर दिलेलं ह्याहून मोठं उत्तर मला तरी ठाऊक न्हाई.

बायकांचं विचाराल तर कागद जवळजवळ मुका आहे. जुन्या दप्तरात बाई येते ती 'कोम अमुक' किंवा 'भ्र. अमुक' म्हणून, म्हंजे अमुकाची बायको. आमच्या पणजीचं नाव एकाही कागदात सापडलं न्हाई. आज्याच्या जन्माच्या नोंदीतही बापाचं नाव आहे. जिनं जन्म दिला तिचं न्हाई. आणि मुलगी जन्मली तर नाव काय, तर नकुशी. नको असलेली. हे जुनं म्हणून सोडून देऊ नका. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात मोहीम काढून २८५ 'नकुसां'ची नावं बदलली. त्या सगळ्या जातींतल्या होत्या. म्हंजे नावानं माणूस मारायची विद्या फक्त चावडीला येत होती असं न्हाई, ती घराघरांत होती. आमच्या घरांतही होती. हे बोलायचं नसेल तर आपण मनूवर बोलायचा हक्क गमावला.

नाव बदलणं हीही आपली जुनी लढाई आहे. कटगुणचे गोऱ्हे फुलांच्या धंद्यावरनं फुले झाले, त्या घरात जोतिबा जन्मले. सातारच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला १९१४ नंबरवर एका पोराचं नाव दाखल झालं, 'भिवा रामजी आंबेडकर'. मूळ सकपाळ. आडनाव आलं आंबडवे गावावरनं. ज्या गावगाड्यानं वेशीबाहेर ठेवलं, त्यातल्याच एका गावाचं नाव ह्या पोरानं जगभर नेलं. आणि १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या घराघरांत सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा जन्मली. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा. तराळाच्या नातवाचं नाव मिलिंद! दोन पिढ्यांत आम्ही दगडापासून प्रश्नापर्यंत आलो.

इथंच माझ्या घरात भांडण लागलं. पडताळणीचं काम झालं. चुलता म्हणाला, "आता ते जुनं बाड जाळून टाक. बाबासाहेबांनी ज्यातनं बाहेर काढलं ते पुन्हा कशाला उकरतोस?" त्याचं म्हणणं मी हसण्यावारी नेत न्हाई. त्यानं स्वतः 'ए धोंड्याच्या' अशा हाका ऐकल्या आहेत. आजही विश्रामबागेत भाड्यानं खोली बघायला गेलं की आधी नाव विचारतात, मग 'पूर्ण नाव' विचारतात, मग 'घरात विचारून सांगतो' म्हणतात. जुनं नाव टाकून द्यायचा त्याला पुरता हक्क आहे. पण टाकणं वेगळं आणि विसरणं वेगळं. आम्ही ती नावं विसरलो, तर चावडीनं मारलेली अर्धी हाक तेवढी खरी ठरंल. शिद्या उरंल, शिदनाक जाईल. मग उद्या कुणीही उठून म्हणंल, तुम्ही आधीपासनं असेच होता. त्याला दाखवायला आपल्याकडं कागद पाहिजे.

म्हणून दोस्तांनो, काम सांगतो. म्हातारी माणसं आहेत तोवर बसा त्यांच्यापाशी. चार पिढ्यांची नावं लिहून काढा, बायकांची आधी, कारण ती कागदात मिळणार न्हाईत. गाव हाक कशी मारायचं ते लिहा आणि घरात काय म्हणायचे तेही लिहा, दोन्ही शेजारी शेजारी. कुणाकडं मोडीतला कागद असंल तर उंदरांच्या आधी तुम्ही तो वाचून घ्या. वतनं १९५९ मध्ये गेली, पण वतनाचे कागद अजून कुणाकुणाच्या पत्र्याच्या पेटीत पडून आहेत. जे मिळंल ते अंकाकडं पाठवा. आपण ते जसंच्या तसं छापू, एकही शेपूट न तोडता.