जुन्या रोल्स-रॉईसचं 'मूळ रूप' म्हणजे नेमकं कुठलं?

जोगेश्वरीच्या रस्त्यांवर बहुतेक गाड्यांच्या पाटीवर 'एमएच ०२' असतं. कधी 'एमएच व्हीए' दिसलं, तर जरा थांबा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ही अक्षरं पन्नास वर्षांहून जुन्या, 'व्हिंटेज' म्हणून नोंदवलेल्या गाड्यांसाठी आहेत. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नको. अट साधी वाटते, पण जुन्या रोल्स-रॉईसला ती लावायला गेलं की घोळ सुरू होतो.

कारण दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही कंपनी पूर्ण गाडी बनवतच नसे. ती इंजिन, रेडिएटर आणि बॉनेटसह चासी द्यायची. बॉडी चढवायचे बार्कर, हूपर यांसारखे कोचबिल्डर. त्यांचा मूळ धंदा बग्ग्या बांधण्याचा. त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या अगदी वेगळ्या दिसू शकतात. एक शिकारीसाठी उघडी, दुसरी पडद्यातल्या राणीसाठी बंद.

नावांचंही तसंच. १९०६ साली आलेल्या मॉडेलचं नाव होतं नुसतं '४०/५०'. पुढच्या वर्षी कंपनीने त्यातल्या एका गाडीला रुपेरी रंग दिला आणि तिचं नाव ठेवलं 'सिल्व्हर घोस्ट'. म्हणजे हे एकाच गाडीचं नाव होतं. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर शर्यतीत उतरलेल्या तिच्या बहिणीचं नाव होतं 'पर्ल ऑफ द ईस्ट'. सहा घाट आणि ६२० मैलांची ती परीक्षा तिने जिंकली आणि ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. संस्थानिकांमध्ये या गाडीचा बोलबाला व्हायला आपल्या घाटांचा असा हातभार लागला. १९२५ मध्ये 'न्यू फँटम' आली, तेव्हा आधीच्या सगळ्या ४०/५० गाड्यांना सिल्व्हर घोस्ट म्हटलं जाऊ लागलं. आज पुस्तकात ग्वाल्हेरची गाडी सिल्व्हर घोस्ट म्हणून भेटते. ती विकत घेतली गेली, तेव्हा मात्र ती तशी नव्हती.

मग मॉडेल ओळखायचं कशावरून? बॉनेटवरच्या पंखवाल्या बाईवर विसंबू नका. चार्ल्स साइक्सने घडवलेली ती मूर्ती १९११ ची, आणि ती जुन्या गाडीवर नंतरही बसवता येते. बॉनेट उघडलं तर जास्त कळतं. घोस्ट आणि पहिल्या दोन फँटममध्ये सहा सिलिंडर, तर १९३६ च्या तिसऱ्या फँटममध्ये बारा. १९२२ च्या छोट्या 'ट्वेंटी'च्या रेडिएटरवरच्या झडपा सुरुवातीला आडव्या होत्या. १९४९ च्या 'सिल्व्हर डॉन'पासून कंपनीची स्वतःची तयार बॉडी मिळू लागली. १९६५ च्या 'सिल्व्हर शॅडो'मध्ये तर चासी आणि बॉडी एकजीवच झाली. तिथे हा घोळ संपतो.

त्याआधीच्या गाडीचा पक्का पुरावा म्हणजे चासी नंबर. त्यावरून कंपनीच्या जुन्या नोंदींत पहिला ग्राहक आणि पहिला कोचबिल्डर सापडू शकतो.

अडचण पुढे येते. समजा, १९२६ च्या चासीवर दहा वर्षांनी इथल्या मालकाने दुसरी बॉडी चढवली. तिचं मूळ रूप कुठलं? संग्राहक पहिल्या रूपाला जास्त किंमत देतात. म्हणून काही जण नंतरची बॉडी उतरवून लंडनच्या जुन्या फोटोबरहुकूम नवी करवून घेतात. गाडी चकचकीत होते, पण इथल्या सुतारांनी आणि पत्रेवाल्यांनी तिच्यावर जे काम केलं होतं, ते भंगारात जातं. त्या माणसांची नावं कंपनीच्या वहीत नाहीत. त्यांची नोंद म्हणजे ती बॉडीच.

जोगेश्वरीची लेणी सहाव्या शतकातली, हे अभ्यासक खांबांच्या आणि शिल्पांच्या घडणीवरून ठरवतात. पण तिथे आज पूजाही चालते, आणि ती थांबवून लेणं 'मूळ रूपात' आणा, असं कुणी म्हणत नाही. नंतरची भरही त्या जागेचा इतिहासच असतो. गाडीलाही हाच न्याय लावायला हवा. चासी नंबर जन्म सांगतो. पुढचं आयुष्य बॉडी सांगते, आणि आपल्याकडच्या गाड्यांचं ते आयुष्य बहुतेक इथेच गेलेलं असतं.