एका वायपरची मर्सिडीज

1995 साली पुण्यात, टेल्को कंपनीच्या आवारात, मर्सिडीज-बेंझची डब्ल्यू 124 जोडली जाऊ लागली. जर्मनीत ती 1984 पासूनची. तिथे 1995 सालीच तिची जागा घेणारी नवी ई-क्लास बाजारात उतरली. म्हणजे आपल्या वाट्याला मावळतं मॉडेल आलं, पण होतं मात्र दणकट!

तिची खूण म्हणजे काचेवरचा एकुलता एक वायपर. फिरता फिरता तो आत-बाहेर सरकतो आणि काचेचे वरचे कोपरेही पुसतो. आतल्या यंत्रणेतलं ग्रीस वाळलं की मात्र स्वारी कण्हू लागते. मग जाणता मेकॅनिक ती यंत्रणा खोलतो, धुतो, नवं ग्रीस भरतो. हे काम पावसाळ्याआधीच उरकलेलं बरं.

खिसा खरा रिकामा करतं ते वायरिंग. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या अनेक गाड्यांत इंजिनाच्या तारांवरचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळतं. इंजिन अडखळतं, आणि मालक इंधनपंपावर संशय घेत बसतो. इलाज एकच: तारांचा अख्खा जुडगा, म्हणजे हार्नेस, बदलणं.