तारकीय धूळ

तारकीय धूळ : आयुष्याच्या उत्तरार्धात फुगलेल्या तांबड्या राक्षसी ताऱ्यांभोवती तयार होऊन अवकाशात विखुरले जाणारे सूक्ष्म घन कण. बहुतेक कण धुराच्या कणांइतके, म्हणजे एक मायक्रोमीटरहून लहान असतात. म्हातारा तारा आपले वस्तुमान गमावतो, ते मुख्यतः या धुळीच्याच जोरावर.

दृश्य उदाहरणे : परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यावरून असे तारे नुसत्या डोळ्यांनी पाहता येतात. मृगाच्या पावसाच्या सुमारास रात्री दक्षिणेला, क्षितिज व माथा यांच्या साधारण मध्यावर तांबूस ज्येष्ठा दिसते. हिवाळ्यात जवळजवळ डोक्यावर येते ती काक्षी, आर्द्रा नक्षत्राची योगतारा. हे दोन्ही महाराक्षसी तारे आहेत. तिमिंगल समूहातील मायरा सुमारे ३३२ दिवसांच्या चक्रात उजळते आणि पुन्हा डोळ्यांआड होते. तिचा हा बदल डेव्हिड फाब्रिट्सियुस यांनी १५९६ मध्ये नोंदवला.

यंत्रणा : सूर्याच्या ०.८ ते ८ पट वस्तुमानाच्या ताऱ्याच्या गाभ्यातील हायड्रोजन व हेलियम संपले की तो शेकडो पट फुगतो आणि त्याचा पृष्ठभाग सुमारे ३,००० केल्विनपर्यंत निवतो. तारा संथपणे आकुंचन-प्रसरण पावू लागतो. प्रत्येक स्पंदनासरशी आघाततरंग वायूला वर उचलतात. ताऱ्याच्या दोन-तीन त्रिज्यांच्या अंतरावर तापमान सुमारे १,५०० केल्विनखाली येते आणि वायूतून कण गोठू लागतात. ताऱ्याचा प्रकाश या कणांना बाहेर रेटतो; कण आसपासच्या वायूला सोबत ओढून नेतात. या वाऱ्याचा वेग सेकंदाला जेमतेम ५ ते २० किमी. असला, तरी वस्तुमानऱ्हास वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाच्या एक कोट्यंशापासून दहा हजारांशापर्यंत असू शकतो. महाराक्षसी ताऱ्यांत पृष्ठभागावरील प्रचंड अभिसरणही द्रव्य वर ढकलते. २०१९-२० च्या हिवाळ्यात काक्षी ठळकपणे मंदावली, तेव्हा तिनेच बाहेर टाकलेल्या वायूत जमलेला धुळीचा ढग आपल्या दृष्टिरेषेत आल्याचे निरीक्षणांवरून दिसले.

घटक : कार्बन आणि ऑक्सिजन यांची जोडी कार्बन मोनॉक्साइडमध्ये अडकते, जे मूलद्रव्य उरते, त्यावर धुळीचा प्रकार ठरतो. ऑक्सिजन उरल्यास सिलिकेटे व ॲल्युमिनाचे कण बनतात. खोलवर तयार झालेला कार्बन अभिसरणाने वर येऊन वरचढ ठरल्यास काजळी आणि सिलिकॉन कार्बाइड बनते. सिंह राशीतील सीडब्ल्यू लिओनिस हा अशा कार्बन ताऱ्यांपैकी सर्वांत अभ्यासलेला तारा. स्वतःच्याच काजळीने वेढल्यामुळे तो दृश्य प्रकाशात अतिशय अंधुक, पण अवरक्त प्रकाशात अत्यंत तेजस्वी आहे.

संशोधन : राक्षसी ताऱ्यापासून वायू कायमचा निसटतो, हे आर्मिन डॉइच यांनी १९५६ मध्ये वर्णपटावरून दाखवले. १९६२ मध्ये फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी कार्बन ताऱ्यांच्या वातावरणात ग्रॅफाइटचे कण बनत असावेत असे मांडले. त्याच काळात कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला हॉइल यांचेच विद्यार्थी होते. त्यांनी पुढे पुण्यात उभारलेल्या ‘आयुका’ या संस्थेत रंजन गुप्ता यांनी डी. बी. वैद्य यांच्यासह सच्छिद्र व मिश्र कणांची प्रारूपे तयार केली. ताऱ्यांभोवतीच्या सिलिकेटांची खूण असलेल्या सुमारे १० मायक्रोमीटरच्या पट्ट्याशी त्यांनी ती ताडून पाहिली.

महत्त्व : वस्तुमान गमावून उरलेला गाभा श्वेत बटू होतो, भोवतीचा वायू काही काळ बिंबाभ्रिका म्हणून झळकतो. मायरामागे सुमारे १३ प्रकाशवर्षे लांबीची द्रव्याची शेपटी असल्याचे २००७ मध्ये आढळले. अशा द्रव्यातूनच पुढचे तारे आणि ग्रह घडतात. ऑस्ट्रेलियात १९६९ मध्ये पडलेल्या मर्चिसन अशनीतील सिलिकॉन कार्बाइडचे काही कण सूर्याच्याही आधीचे आहेत. प्रयोगशाळेत ते हाताळणारा संशोधक सूर्य जन्मण्याआधीच विझलेल्या ताऱ्याची धूळ हाताळत असतो.