भिंती श्वास घेतात काय ?

जुन्या घरांविषयीं बोलतांना ‘मातीच्या भिंती श्वास घेतात’ असें आपण सहज म्हणतों. या म्हणण्यांत खरें किती, हें पाहण्यास नाशिक सोयीचें आहे.

सराफ बाजारांत पेशवेकालीन सरकारवाडा उभा आहे. त्याच्या भोंवतींच्या जुन्या वस्तींतील साधे वाडे पाहिले, तर पायाशीं काळा पाषाण, वर सागवानी खांब, मातींत रचलेल्या विटा, चुन्याचा वा मातीचा गिलावा आणि सारवलेली जमीन, अशी रचना आढळते. काळा पाषाण पाणी फारसें शोषीत नाहीं. माती, चुना, वीट व लांकूड मात्र हवेंतील ओलावा टिपतात आणि हवा कोरडी होतांच तो परत करतात.

या गुणाचें मोल हिशेबानें कळतें. बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी बंद खोली घ्या. उष्णमान २५ अंश सेल्सियस असतां, भिंतींनीं कांहींच शोषलें नाहीं, तर पाव लिटर पाण्याच्या वाफेनें तेथील आर्द्रता शेंकडा ६० वरून ९० वर जाते. टिपणारी भिंत ही चढण पुष्कळ सौम्य करते.

परंतु टिपणें म्हणजे नाहींसें करणें नव्हे. भिंत हें कोठार आहे, मोरी नव्हे. तें रितें करण्याचें काम उघड्या चौकाचें आणि समोरासमोरच्या खिडक्यांचें.

येथेंच एक थोर शास्त्रज्ञ चकले. म्यूनिकचे माक्स फोन पेटेनकोफर यांनीं १८५८ सालीं, विटांच्या भिंतींतूनहि पुष्कळ हवा खेळते, असें प्रतिपादिलें. विसाव्या शतकांतील मोजणीनें गिलावा केलेल्या भिंतींतून जाणारी हवा नगण्य ठरली. वाडे बांधणाऱ्यांनीं मात्र भिंतीवर भिस्त न ठेवतां चौक राखला होता.

आज डागडुजींत मातीच्या भिंतीवर सिमेंट व तेलरंग चढतो, चौकावर पत्रे पडतात. कोठाराला कुलूप लागतें आणि मोरीहि बुजते. जमिनींतून चढलेली ओल आंत कोंडते, माती मऊ होते, लांकूड कुजतें. पावसाळ्यांत जुन्या नाशकांतील वाडे ढासळतात, त्याला कारणें अनेक; पण त्यांत ओलीचा वांटा मोठा आहे.

म्हणून चुन्याच्या भिंतीस चुनाच द्यावा आणि चौक मोकळा ठेवावा. सिमेंटच्या नव्या घरांत तर कोठारच लहान; तेथें स्वयंपाकाची व न्हाणीची वाफ त्याच वेळीं बाहेर जाईल, अशी खिडकी अधिकच हवी.