खडकावरची खपली आणि ग्लासगोचा जांभळा रंग

कुठल्याही किल्ल्यावर जा, बुरुजाच्या दगडावर पांढरट, राखाडी, कधी पिवळसर डाग दिसतात. कुणीतरी चुना सांडलाय असं वाटतं. नखाने खरवडून बघितलं तरी निघत नाही, कारण तो डाग दगडाला चिकटलेला नाही, दगडात रुतलेला आहे. आणि तो जिवंत आहे. इंग्रजीत त्याला लायकेन म्हणतात, आपल्या मराठी पुस्तकांत शैवाक. शैवाल आणि कवक, म्हणजे बुरशी, या दोघांची सांगड त्या नावातच आहे.

शैवाकाचे प्रकार बरेच. काही झुडपासारखे लोंबतात, काही पानासारखे पसरतात. आज आपण बोलतोय ते तिसऱ्या जातीबद्दल, जी खडकावर खपली धरावी तशी वाढते. या खपलीवाल्यांची वाढ इतकी सावकाश असते की वर्षाला एखादा मिलिमीटर झाली तरी पुष्कळ, आणि पुष्कळदा तेवढीही होत नाही. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

आजची गोष्ट मात्र सह्याद्रीतली नाही, स्कॉटलंडमधली आहे. तिथल्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात, हायलँड्समध्ये, ऑक्रोलेकिया टार्टारिया नावाचं एक शैवाक उघड्या खडकांवर वाढतं. जाडसर, राखाडी-पांढरं, चामखिळींसारखं खडबडीत. त्यावर फिकट गुलाबी-नारिंगी चकत्या, प्रत्येक चकतीला पांढरट काठ. त्याला दमट हवा लागते, समुद्राकडून येणारं धुकं लागतं आणि चुना नसलेला आम्लधर्मी खडक लागतो. लिनियसने १७५३ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं. पण तिथल्या गेलिक बोलणाऱ्या बायकांना त्याची ओळख त्याच्याही आधीपासून होती. त्यांच्या भाषेतलं नाव क्रॉटल कॉर्कर, म्हणजे जांभळं शैवाक.

आता पांढऱ्या खपलीला जांभळं का म्हणायचं? कारण रंग तिच्यात दिसत नाही, तो काढावा लागतो. या शैवाकात गायरोफोरिक आम्ल असतं, स्वतः बिनरंगी. त्याला अमोनिया आणि हवा मिळाली आणि काही आठवडे ओलसर ठेवलं, की हळूहळू त्यातून लालसर जांभळा रंग तयार होतो. आजही शैवाक ओळखताना अभ्यासक त्यावर ब्लीचचा एक थेंब टाकतात, आणि हे आम्ल असेल तर ती जागा लगेच लाल होते. तेव्हा ब्लीच नव्हतं आणि अमोनियाची बाटलीही नव्हती. होतं ते शिळं मूत. घरोघरी साठवायचं, त्यात खरवडलेली खपली भिजवायची, रोज ढवळायची. वासाची कल्पना तुम्हीच करा.

ही युक्ती फक्त स्कॉटलंडची नाही. भूमध्य समुद्राकाठच्या कड्यांवर रोसेला नावाचं झुडपी शैवाक मिळतं, त्यातूनही असाच जांभळा रंग निघतो. त्याच्या धंद्यावर फ्लॉरेन्समधलं रुचेलाई घराणं गब्बर झालं, आणि त्यांचं आडनावच त्या रंगावरून पडलं. शाळेच्या प्रयोगशाळेतला लिटमस कागद आठवतोय? तो लिटमसही मूळचा शैवाकाचाच. पण रोसेला दूरवरून, कॅनरी बेटांसारख्या ठिकाणांहून आणावं लागायचं आणि महाग पडायचं. आपल्याच डोंगरावरची खपली वापरून तोच रंग स्वस्तात निघाला तर? हा प्रश्न एका स्कॉटिश माणसाला पडला.

त्याचं नाव कथबर्ट गॉर्डन. त्याने १७५८ मध्ये आपल्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि रंगाला नाव दिलं कडबेअर. कथबर्टचाच तो अपभ्रंश. विशिष्ट माणसाच्या नावावर नोंदलेला हा जगातल्या सुरुवातीच्या रंगांपैकी एक मानला जातो. माझं स्वतःचं मत विचाराल तर इथे थोडं थांबायला हवं. गॉर्डनने पद्धत सुधारली, मोठ्या प्रमाणावर करता येईल अशी केली, हे खरं. पण खपली, मूत आणि तीन आठवड्यांचा धीर, हे मूळ ज्ञान हायलँडमधल्या बायकांच्या हंड्यात आधीच होतं. त्यांच्या नावाने काहीच नोंदलं गेलं नाही.

गॉर्डनचा एडिंबरोजवळच्या लीथमधला कारखाना काही नीट चालला नाही. मग १७७७ मध्ये ग्लासगोमध्ये तो पुन्हा उभा राहिला. उभा करणारा जॉर्ज मॅकिंटॉश, स्वतः हायलँडचा. पैसा घालणाऱ्यांत जॉन ग्लासफर्ड, ग्लासगोचा बडा तंबाखू व्यापारी. त्याची संपत्ती अमेरिकेतल्या व्हर्जिनिया, मेरीलँडच्या तंबाखूतून आलेली, म्हणजे गुलामांच्या श्रमातून. अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि तो व्यापार कोसळला. त्यामुळे ग्लासगोतल्या व्यापाऱ्यांचा पैसा नवीन जागा शोधत होता, हे १७७७ सालाकडे बघताना लक्षात ठेवा.

या कारखान्याची वर्णनं वाचताना मजा वाटते. भोवती दहा फूट उंच भिंत. आत कामाला हायलँडहून आणलेले, गेलिक बोलणारे मजूर, गुप्ततेची शपथ घेतलेले. बाहेरच्या शहराची भाषा त्यांना धड येत नाही, म्हणजे गुपित फुटणार तरी कसं, असा हिशेब. सकाळची हजेरीसुद्धा गेलिकमध्ये व्हायची असं सांगतात. आणि शहरातल्या घरांतून मूत गोळा करून पिंपांतून रोज आत जायचं. एवढा बंदोबस्त कशासाठी, तर त्या मजुरांच्या आज्या जे घरी करायच्या त्यासाठी!

रंग चांगला होता का? चमकदार होता. लोकर आणि रेशमावर तो तुरटीसारखा वेगळा पदार्थ न लावता थेट चढायचा, ही मोठी सोय. निळीच्या जोडीला वापरला की निळा रंग उठून दिसायचा आणि महागडी नीळ वाचायची. पण उन्हात तो उडायचा. टिकाऊ नव्हताच. एका ऋतूत फिका पडणाऱ्या रंगासाठी अनेक वर्षांत वाढलेली खपली खरवडली जात होती.

आता आकडे. कारखान्याची शैवाकाची गरज वर्षाला २५० टनांपर्यंत गेली. दुसरीकडे १८०७ च्या सुमाराची एक नोंद सापडते, हायलँडमधल्या फोर्ट ऑगस्टस भागातली. तिथे २२ पौंडांच्या वजनाला ३ शिलिंग ४ पेन्स भाव मिळे आणि माणूस आठवड्याला १४ शिलिंग कमवू शकत असे. मी बसून गणित केलं. १४ शिलिंग म्हणजे १६८ पेन्स, भाव ४० पेन्स, म्हणजे आठवड्याला सव्वाचार वजनं, साधारण ९२ पौंड, आपल्या हिशेबात ४२ किलो. लोखंडी पट्टीने, वाऱ्यापावसात, खडकावरून ४२ किलो खपली. आणि याच वेगाने २५० टन जमवायचे तर एका माणसाचे सहा हजारांवर आठवडे लागतील, म्हणजे वर्षभर राबणारी शंभराहून जास्त माणसं. हे माझं ढोबळ गणित आहे, पण अंदाज यायला पुरेसं आहे. त्या काळात त्या भागातली पोटाची सोय बघता १४ शिलिंग कमी नव्हते, म्हणून माणसं गेली. खडकाला मात्र कुणी विचारलं नाही. लवकरच स्कॉटलंडचे डोंगर पुरेनात आणि शैवाक नॉर्वे-स्वीडनहून जहाजाने मागवावं लागलं.

साहजिक प्रश्न येतो. लावलं का नाही? कापूस लावतात, नीळ लावतात, मग शैवाकाची शेती का नाही?

कारण ते एक झाड नाही. १८६७ मध्ये सायमन श्वेंडनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने मांडलं की शैवाक ही एक वनस्पती नसून बुरशी आणि शैवाल यांचं एकत्र कुटुंब आहे. बुरशी घर बांधते, ओल धरून ठेवते. शैवाल उन्हातून अन्न बनवतं आणि बुरशी त्यातला वाटा उचलते. त्या काळातले शैवाकांचे बडे अभ्यासक यावर भयंकर चिडले. आयुष्यभर ज्याची जात-पोटजात लावली तो जीव म्हणजे एक जुळवाजुळव निघाली, हे पचणं कठीणच. पण श्वेंडनर बरोबर होता.

शेतीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की नुसतं बी पेरून भागत नाही. बुरशीचा बीजाणू एकटाच उडतो, त्याला योग्य ते शैवाल भेटावं लागतं. प्रयोगशाळेत दोघांना वेगळं वाढवता येतं, पण बुरशी एकटी वाढली तर तिचा नुसता बेढब गोळा होतो. तिथे ना चकत्या, ना ती खपली. विसाव्या शतकात व्हर्नन अहमदजियान या अमेरिकन शास्त्रज्ञाने दोघांना पुन्हा जुळवण्यावर बरंच काम केलं, आणि लक्षात आलं की भरपूर खाऊ घातलं तर ही जोडी जमतच नाही. उपाशी ठेवावं लागतं, ओलं-कोरडं करावं लागतं, तेव्हा दोघं एकमेकांना धरतात. खत-पाणी घालून वाढवायची आपली सगळी शेतीची अक्कल इथे उलटी पडते. आणि सगळं जमलंच तरी तो वर्षाचा मिलिमीटर आहेच. १७७७ चा कारखानदार एवढा थांबणार नव्हता.

त्याची सुटका वेगळ्याच वाटेने झाली, आणि हा माझा आवडता भाग. जॉर्जचा मुलगा चार्ल्स मॅकिंटॉश रसायनशास्त्रात हुशार. कारखान्याला अमोनिया लागायचा आणि मूत गोळा करत बसणं कटकटीचं. १८१९ मध्ये त्याने ग्लासगोच्या गॅस कंपनीशी करार केला. दगडी कोळशापासून दिव्यांचा गॅस बनवताना अमोनियाचं पाणी आणि डांबर उरायचं, ते तो उचलू लागला. अमोनिया रंगाला गेला. पण डांबराचं काय करायचं? त्यातून त्याने नॅफ्था नावाचं द्रव काढलं, त्यात रबर विरघळतं हे त्याच्या ध्यानात आलं, ते दोन कापडांच्या मधे लावलं आणि १८२३ मध्ये पाणी न शिरणाऱ्या कापडाचं पेटंट घेतलं. इंग्रजीत रेनकोटला अजून मॅकिंटॉश म्हणतात तो हाच. शैवाक रंगवण्याच्या खटपटीतून रेनकोट निघाला!

तेच कोळशाचं डांबर पुढे शैवाकाच्या मुळावर आलं. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मलेरियावरचं क्विनीन बनवायला बघत होता. डांबरातून मिळणाऱ्या ॲनिलिनवर प्रयोग करताना भांड्यात काळा गाळ उरला, आणि तो धुताना जांभळा रंग दिसला. मॉव्ह हा तो कृत्रिम रंग. त्यानंतर डांबरातून एकामागून एक रंग निघत गेले आणि शैवाकाची मागणी ओसरली. डोंगर वाचले ते कुणाला दया आली म्हणून नाही, कोळसा स्वस्त पडला म्हणून.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. गोडा मसाला करताना दगडफूल घालता ना? ते शैवाकच आहे. खपलीवालं नाही, पानासारखं, पण चुलतभाऊ. कोरडं असताना त्याला फारसा वास नसतो, तेलावर परतलं की घमघमतं. शैवाकाचे तुकडे प्रयोगशाळेत वाढवण्याचं काम पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही झालंय, पण बाजारात येणारं दगडफूल शेतातलं नाही. ते हिमालयातल्या आणि दक्षिणेतल्या जंगलांतून माणसं हाताने गोळा करून आणतात, आणि वाढीच्या बाबतीत तेही उतावीळ नाही. पुढच्या वेळी पाकीट उघडाल तेव्हा एक तुकडा उलटा करून बघा. मागे सालीचा कपचा चिकटलेला दिसेल. नाव दगडफूल असलं तरी त्यातलं बरंचसं दगडावरचं नसतंच, झाडाच्या खोडावरून ओरबाडलेलं असतं.